शपथ झाली, संरक्षणाचे काय?

दरवर्षी सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास सरकारी कार्यालयांतून दक्षता सप्ताह पाळला जातो. कर्मचारी रांगेत उभे राहून सचोटीची शपथ घेतात, फलक झळकतात, भाषणे होतात. भ्रष्टाचार कसा ओळखावा, याचे प्रशिक्षणही दिले जाते. उपक्रम स्तुत्य आहे. पण भ्रष्टाचार ओळखता येत नाही म्हणून तो बोकाळला आहे काय?

निविदेची मर्यादा चुकविण्यासाठी एका कामाचे चार तुकडे का पाडले, जागेवर न जाताच मोजमाप पुस्तिका कशी भरली, हे कनिष्ठ अभियंत्याला वर्गात शिकवावे लागत नाही. त्याचे तोंड बंद ठेवते ते अज्ञान नव्हे, भय! आणि ते भय निराधार नाही.

सुवर्ण चतुष्कोन महामार्गावर काम करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून गैरव्यवहार कळविले. नाव गुप्त ठेवावे, ही त्यांची विनंती होती. ते पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपासात ती वाटमारी ठरली आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. हत्येचे कारण काहीही असो, गुप्ततेचा भंग शासनानेच केला, हे कसे नाकारणार? पंतप्रधानपदी तेव्हा अटलजी होते, म्हणून या प्रमादाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

या प्रकरणानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव केला. तक्रार बंद लिफाफ्यातून केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवावी. लिफाफ्यावर नाव नको, ते आतल्या पत्रात असावे. आयोग ते गुप्त राखील. ही साधी रीत किती कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे? प्रशिक्षणात सर्वप्रथम हीच शिकवायला हवी. तरीही राज्य शासनाचा कर्मचारी या ठरावाच्या कक्षेबाहेरच राहतो. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. तो अंमलात आणणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही. सरकारे बदलली, कायदा कपाटातच राहिला.

मग प्रशिक्षणाची खरी गरज कोणाला? तक्रार करणाऱ्याइतकीच ती स्वीकारणाऱ्यालाही आहे. हाती आलेले नाव कसे जपावे, तक्रारदाराची सूडबुद्धीने बदली होत असेल तर ती कशी रोखावी आणि नाव फोडणाऱ्याला कोणती शिक्षा होईल, हे वरिष्ठांना आधी शिकवा.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी शासकीय सेवेत आहे. त्याने खरे बोलावे, असे आपल्याला मनापासून वाटते. पण तो संध्याकाळी सुखरूप घरी यावा, असेही वाटतेच. या दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ प्रामाणिक माणसावर येऊ नये. कर्मचाऱ्यांनी शपथ घेतली आहे. आता शासनाने घ्यावी!