वाटाड्याचा वाटा

शिकारीच्या गोष्टी आपल्याकडे चवीने वाचल्या जातात. संस्थानिकांच्या, इंग्रज अंमलदारांच्या आणि नंतरच्या हौशी शिकाऱ्यांच्या आठवणी उघडा, त्यांत दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, मारलेल्या वाघाची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी. दुसरी, रात्रीच्या शेकोटीभोवतीची पंगत. त्या पंगतीसोबत एक वाक्यही ठरलेले असते: जंगलात आम्ही सगळे एक होतो, एकाच भांड्यातले खाल्ले, तिथे कसली जात आणि कसले काय!

वाचणाऱ्याला बरे वाटते. आमच्यातल्याही काही तरुणांना बरे वाटते. म्हणूनच या वाक्याचा एकदा हिशेब करायला हवा. ते वाक्य बंदूकवाल्याने लिहिलेले असते. ज्याने वाट दाखवली, माग काढला, हाकारा केला, त्याच्या हाती लेखणी नव्हती. त्याला विचारले असते तर त्याने पंगतीचे वर्णन कसे केले असते?

आधी शिकार कशी होत असे ते पाहू. मचाणावर बंदूक घेऊन बसणारा एक. त्याच्यासाठी जनावर हुसकून आणणारे चाळीस-पन्नास, कधी शेकडो. हातात डबे, ढोल, कुऱ्हाडी. बंदूक नाही. जखमी जनावर उलटले तर पहिला पंजा हाकाऱ्यातल्या माणसावर. हे लोक हौसेने येत नसत. अनेक संस्थानांत हाकाऱ्याला माणसे पुरवणे हा वेठबिगारीचाच भाग होता. मुंबई इलाख्यात वतनदार महाराला सरकारी अंमलदाराच्या दिमतीला रात्री-अपरात्री उभे राहावे लागे, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरून नेत. याच गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्यासोबत केलेल्या जेवणाला सहभोजन म्हणायचे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न नावाचा. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात दगडी फलक उभे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, हे तिथे कोरून ठेवले आहे. बंदुका किती होत्या तेही आहे: ३९. पक्षी उठवणारे हात किती होते, ते नाही. १९११ साली पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत आला, तेव्हा त्याच्या शिकारी पथकाने दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. मेलेल्या गेंड्यांची मोजदाद इतिहासाला ठाऊक आहे, त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांची नाही.

अपवाद आहेत. जिम कॉर्बेटने 'माय इंडिया' या १९५२ च्या पुस्तकात आजोबांनी घेतलेल्या दोन रुपयांच्या कर्जापायी राबणाऱ्या बुद्धूची आणि मोकामा घाटावर कोळसा वाहणाऱ्या चमारीची गोष्ट नावानिशी लिहिली. ते मान्य करायला आम्हाला संकोच नाही. पण अपवादाकडे बोट दाखवून रिवाज लपवता येत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही कार्यकर्ते पंच्याऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांशी बोललो. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. वडील जातीने महार, गावचे कोतवाल. मालगुजाराच्या वाड्यावरून निरोप आला की बाप-लेक पहाटे निघायचे. पोराला बाजूच्या झाडावर चढवून बसवत. जनावर त्या बाजूने फुटू लागले की काठीने खोडावर टकटक करायची, म्हणजे ते पुन्हा मचाणाकडे वळते. नऊ-दहा वर्षांचे पोर, खाली वाघ, हातात काठी. सांबर पडले की कातडे, शिंगे आणि मागच्या मांड्या वाड्यावर जात. हाकाऱ्यांच्या वाट्याला मुंडी, खूर आणि आतडी. एकदा जखमी डुकराने त्यांच्या चुलत्याची मांडी फाडली. चुलता जन्मभर लंगडला. भरपाई म्हणून मिळाले दोन पायली धान.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, त्या गर्दीत हे आजोबा होते. पण पोटाचे साधन तेच राहिले: जंगल. साठच्या दशकात परवाने काढून परदेशी शिकारी येऊ लागले आणि आजोबा त्यांचे वाटाडे झाले. नाल्याच्या वाळूत उमटलेल्या पंजावरून नर की मादी, माग रात्रीचा की पहाटेचा, हे ते अजूनही जमिनीवर बोटाने काढून समजावून सांगतात. एका गोऱ्या साहेबाची आठवण ते प्रेमाने सांगतात. सांबराचे मटण, मीठ-मिरची आणि भात. साहेब त्यांच्या शेजारी खाली मांडी घालून बसला, त्याच भांड्यातले खाल्ले. सोबत आलेली गावातली दोन बडी माणसेही त्या रात्री तिथेच जेवली.

आम्ही विचारले, मग गावात? आजोबा हसले. "जंगलात सारे एकाच गंजातलं खात होतो. गावाची शिव आली का ज्याचं त्याचं वेगळं." ज्यांनी रात्री एका गंजातले खाल्ले, त्यांच्याच अंगणात दुसऱ्या दिवशी आजोबांना पाणी वरून ओतून मिळाले. वाघाचा फोटो काढताना साहेबानेही त्यांना हाताने खूण केली: बाजूला हो. कातडे परदेशी गेले. आजोबांकडे दोन रिकामी काडतुसे उरली. नातवंडांनी खेळून खेळून तीही हरवली.

त्या जेवणाचा आनंद खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला आयुष्यभर लांब बसवले, त्याच्या शेजारी कोणी मांडी घालून बसले तर ते त्याच्या लक्षात राहणारच. पण जात अशा पंगतीने मोडते का? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये देऊन ठेवले आहे. आपसांत जेवणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, तरी त्यांची जातीची भावना जिवंतच राहते, हे त्यांनी अनुभवावरून सांगितले. म्हणजे त्यांना सहभोजनाचे वावडे होते का? मुळीच नाही. समाज समता संघाच्या सहभोजनांच्या पाठीशी तेच होते. पण जेवण ही सुरुवात आहे, तिलाच शेवट समजू नका, हा त्यांचा आग्रह होता. रोटी झाली, आता बेटीचे बोला, जमिनीचे बोला, सत्तेचे बोला आणि ज्या ग्रंथांनी उच्चनीचता पवित्र केली त्यांचेही बोला.

कुणी काय खावे आणि कुणी काय मारावे, यातही हीच उतरंड आहे. राजाने हरीण मारले की ती मृगया, पराक्रम, काव्याचा विषय. पारध्याने तेच हरीण पोटासाठी धरले की तो गुन्हेगार. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. संस्थानिकांना शिकारीसाठी ज्यांचे कसब हवे होते, त्यांनाच गावात हजेरी द्यावी लागे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते.

राजा असूनही वेगळे वागता येत होते, हे राजर्षी शाहू महाराजांनी दाखवले. ते स्वतः निष्णात शिकारी. पण फासेपारध्यांकडून त्यांनी नुसता माग काढून घेतला नाही. त्यांना कामे दिली, राहायला जागा दिली आणि १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद केली. त्याच वर्षी कोल्हापुरात महार वतने रद्द केली. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज जाऊन चहा प्याले, ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्या चहाचे मोल एवढ्यासाठी आहे की हॉटेल गंगारामचे होते. गल्ल्यावर गंगाराम बसला होता. महाराज पाहुणे होते. जंगलातल्या पंगतीत गंज कुणाचा होता? सांबर कुणाचे? जंगल कुणाचे? ताट एक असून भागत नाही. वाटा किती, हे विचारावे लागते.

इथे काही मित्र आक्षेप घेतील. आपण बौद्ध, पहिलेच शील प्राणिहत्या न करण्याचे, मग शिकारीची बाजू का घेता? आम्ही शिकारीची बाजू घेत नाही. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची हौस यांत फरक केला आहे, तो विसरू नका. भिंतीवर मुंडके टांगण्यासाठी मारणारा आणि घरात धान नाही म्हणून ससा धरणारा, यांना एका मापाने मोजणे ही करुणा नव्हे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. हे योग्यच झाले. मात्र हौसेने वाघ संपवणाऱ्यांचे राजवाडे शाबूत राहिले आणि वाघ वाचवण्यासाठी उठावे लागले ते जंगलातल्या गावांना. मध्य प्रदेशातल्या कुनोमधून २४ गावे हलवली गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. गुजरातचे सिंह येणार म्हणून त्यांना उठवले, सिंह आलेच नाहीत. २०२२ मध्ये तिथे नामिबियातून चित्ते आले. सहरियांना परत या असे कोणी म्हटले नाही.

मग करायचे काय? आजोबांच्या आठवणी ऐकून हळहळायचे आणि घरी जायचे? नाही. त्या लिहून घ्यायच्या. आणि हे काम वाङ्मयासाठी नाही, हक्कासाठी आहे.

२००६ चा वनहक्क कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचायला हवा. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पण जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बौद्धांना, दलितांना, भटक्यांना, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'इतर पारंपरिक वननिवासींना', त्या तारखेआधी तीन पिढ्या, ७५ वर्षे तिथेच राहत असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्यांच्या नावाचा कागद कुणी केलाच नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा! आपल्या लोकांचे दावे अडतात ते इथे.

पण याच कायद्याच्या २००८ च्या नियमांत, १३ व्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, वन विभागाच्या कार्य आयोजना त्यात आहेत आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत. म्हणजे कोणत्या नाल्यात माग निघायचा, कोणत्या टेकडीवर मचाण असायचे, कोणत्या वस्तीतून हाकाऱ्याला माणसे नेत, त्या वस्तीत तेव्हा कोण राहत होते, हे सांगणारा म्हातारा वाटाड्या हा पुरावा आहे. साहेबाने आणि मालगुजाराने वेठीला धरले, याचाच अर्थ आपण तिथे होतो.

एक जबाब पुरत नाही, एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणून जबाबासोबत वंशावळ जोडा, जुन्या विहिरीची, स्मशानाची, पडक्या घराची नोंद जोडा, गॅझेटियरमधले पान काढा. दावेदाराचा स्वतःचा जबाब या यादीत चालत नाही, म्हणून एका घरच्या आजोबांनी दुसऱ्या घरासाठी बोलायचे आणि दुसऱ्यांनी पहिल्यासाठी. आजींनाही विचारा. मोहफुले, तेंदूपाने आणि सरपण कुठून आणले, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. हे सगळे ग्रामसभेपुढे ठेवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. त्या गावाने पंगतीतली जागा मागितली नव्हती, जंगलावरचा हक्क मागितला होता.

या कायद्यात शिकारीचा हक्क नाही आणि तो आम्हाला नकोही आहे. पण आज व्याघ्र प्रकल्पांच्या गेटवर जो तरुण जिप्सीत पुढे उभा राहून पर्यटकांना वाघ दाखवतो, त्याचे ज्ञान त्याच्या आजोबांचे आहे. त्याला मिळते ते एका फेरीचे मानधन. फेऱ्या बंद असलेल्या पावसाळ्यात तेही नाही. पर्यटक त्याच्यासोबत सेल्फी काढतात, डबा वाटून खातात आणि घरी जाऊन तेच जुने वाक्य लिहितात: जंगलात सगळे एक असतात. त्या तरुणाला बारमाही रोजगार, विमा आणि प्रकल्पाच्या उत्पन्नात त्याच्या ग्रामसभेचा ठरलेला हिस्सा मिळेल, तेव्हा या वाक्याचा विचार करू.

तोवर काम समोर आहे. शिकारीचा काळ पाहिलेले, माग काढलेले म्हातारे आता गावागावांत एक-दोनच उरले आहेत. दर पावसाळ्यात त्यांतला एखादा जातो आणि त्याच्यासोबत एका वस्तीचा पुरावा जातो. येत्या सुट्टीत वही घ्या, मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करा आणि आपल्या भागातल्या अशा एका आजोबांकडे जा. वाघ केवढा होता हे ते आपणहून सांगतील. तुम्ही विचारा, वाटा किती मिळाला.

जयभीम!