समोरच्याचा रस्ता

आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण परवा तक्रार करत होता. दिवसभराचे काम आटोपले की रात्री तासभर तो कॉम्प्युटरवर रेसिंगचा गेम खेळतो. स्टिअरिंग खरे वाटते, टायर घसरतात ते खरे वाटते, पाऊस पडला की गाडी थांबायला जास्त अंतर लागते तेही खरे. "पण सर, बाकीच्या गाड्या खोट्या आहेत," तो म्हणाला. "मी शेजारी आहे हे त्यांना दिसतच नाही. वळणावर सरळ अंगावर येतात." बैठकीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मग हा गेम पुण्याचाच दिसतोय!" सगळे हसले.

हसणे झाल्यावर मात्र त्याची तक्रार डोक्यातून जाईना. गाडी हुबेहूब बनवणे जमले, पण शेजारून जाणारा दुसरा चालक बनवणे जमले नाही, असे का व्हावे?

आज चाळिशीत असलेल्या अनेकांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून 'रोड रॅश' खेळलेला असेल. 1991 साली आलेल्या या खेळात शेजारच्या मोटारसायकलस्वाराला लाथ मारून पाडले की पुढे जाता येई. तिथे समोरचा माणूस म्हणजे निव्वळ अडथळा होता. पुढच्या काळात गाड्यांचे गणित सुधारले. इंजिन, टायरची पकड, वजन एका बाजूला झुकणे, या सगळ्याची आकडेमोड होऊ लागली. प्रतिस्पर्धी मात्र बराच काळ आखून दिलेल्या एकाच रेषेवरून धावत राहिले. त्या रेषेवर तुम्ही असाल तर धडक ठरलेलीच. काही खेळांत तर तुम्ही पुढे गेलात की मागच्यांचा वेग आपोआप वाढतो आणि तुम्ही मागे पडलात की ते मंदावतात. शर्यत चुरशीची दिसावी म्हणून केलेली ही लबाडी. मुलांना ती लगेच कळते. हरण्याचे त्यांना एवढे वाईट वाटत नाही, पण आपल्याला एक नियम आणि दुसऱ्याला वेगळा, हे त्यांना खपत नाही.

मग माणसाकडूनच शिकावे, असा विचार पुढे आला. 2005 मधल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या खेळात मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधील संशोधकांनी खेळाडूची चालवण्याची पद्धत पाहून तशीच गाडी हाकणारा चालक तयार केला. 2013 च्या आवृत्तीत असे हजारो खेळाडूंचे प्रतिरूप एकमेकांसमोर उभे राहिले, आणि खेळाडू कुरकुरू लागले की पहिल्याच वळणावर सगळे एकमेकांवर आदळतात. यात यंत्राचा दोष काय? आपण जसे चालवतो, तसेच ते शिकले.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग सोनी कंपनीचा. 'ग्रान टुरिस्मो' या खेळासाठी त्यांनी 'सोफी' नावाचा कृत्रिम चालक घडवला. 2021 च्या जुलैमध्ये तो नामांकित खेळाडूंसमोर उतरला. एकट्याने धावताना तो माणसांपेक्षा वेगवान ठरला, पण अनेक गाड्यांच्या सांघिक शर्यतीत हरला. सुधारणा करून ऑक्टोबरमध्ये पुन्हा आला तेव्हा जिंकला. 2022 च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला.

वेग शिकवणे हे त्यातले सोपे काम होते. अवघड होती ती रीत. धडक दिली की गुण कापायचे, मागून ठोकले तर आणखी कापायचे, असा दंड ठरवावा लागला. दंड हलका ठेवला तर यंत्र दांडगाई करते, फार कडक ठेवला तर भित्रे होऊन कुणालाही पुढे जाऊ देते. शिष्टाचाराची किंमत मोजावी लागेल अशी व्यवस्था केल्याशिवाय, कितीही हुशार असले तरी ते यंत्र शिष्ट झाले नाही.

दुसरा धडा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. केवळ आपल्याच प्रतिकृतींबरोबर सराव केलेला चालक माणसांसमोर कच्चा पडतो, असे संशोधकांना आढळले. त्याच्या प्रतिकृती अचूक जागी ब्रेक लावायच्या. माणूस थोडा आधीच लावतो, आणि मागचा जाऊन आदळतो. म्हणून सरावात वेगवेगळ्या कुवतीचे, वेगवेगळ्या सवयींचे प्रतिस्पर्धी मिसळावे लागले. फक्त आपल्यासारख्यांत वाढलेल्याला परक्याचा अंदाज येत नाही. हे मोहल्ल्यालाही लागू आहे, सोसायटीलाही आणि शाळेलाही.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये होता रस्ते अपघातांवरचा 300 शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळला. खटल्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. पण तेव्हा चर्चा झाली ती श्रीमंतीची, दारूची आणि भ्रष्टाचाराची. ती व्हायलाच हवी होती. रोजच्या रस्त्यावर आपण सगळे काय करतो, हा प्रश्न मात्र मागे पडला. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली. हे सगळे बळी काही पोर्शेचे नाहीत.

अशा वेळी व्हिडिओ गेमला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. शर्यतीचा गंभीर खेळ खेळणारा मुलगा निदान एवढे शिकतो की ओल्या रस्त्यावर गाडी लगेच थांबत नाही, आणि वळणावर शेजारच्याला जागा सोडावी लागते. खेळाची मर्यादा वेगळीच आहे. तिथे बटण दाबले की गाडी पुन्हा नवी होते. 'ग्रान टुरिस्मो'तून पुढे येऊन खराखुरा रेसर झालेल्या जॅन मार्डेनबरोची गाडी 2015 मध्ये जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगवर हवेत उडाली आणि एक प्रेक्षक मरण पावला. खेळात त्याने हजारो फेऱ्या मारल्या असतील. असे ओझे मात्र त्यांतल्या एकाही फेरीने त्याच्यावर टाकले नव्हते.

आपल्याकडे गाडी शिकणे म्हणजे क्लच, गिअर आणि आरटीओच्या मैदानावर काढलेला आठचा आकडा. शाळेसमोर वेग कमी करणे, झेब्रा क्रॉसिंगवर म्हातारीसाठी थांबणे, रुग्णवाहिकेला वाट देणे, राँग साइडने न घुसणे, हे शिकवायचे कोणी, हे ठरलेलेच नाही. घरातला मोठा माणूस सिग्नल तोडतो आणि मागे बसलेले पोर ते पाहते. खेळातले प्रतिरूप आणि आपली मुले यांत फरक तो काय?

कायद्यात दंड आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होऊ शकते, त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. तरी दहावीचा निकाल लागला की मुलाच्या हातात किल्ली देणारी घरे आपल्याच गल्लीत आहेत. पोलिसांनी कायदा सर्वांना सारखा लावावा, गरिबाच्या जुन्या मोपेडला आणि बड्याच्या परदेशी गाडीला एकच माप असावे, ही आमची मागणी आहे. पण किल्ली घरातून बाहेर जाते, पोलीस चौकीतून नाही. हा भाग आपल्याला स्वतःकडेच घ्यावा लागेल.

त्या तरुणाला आम्ही एवढेच म्हणालो, की बाबा, तुझी तक्रार रास्त आहे. शेजारी कोणी आहे हे ज्याला दिसत नाही तो खोटा चालक. उद्या दुचाकीवर बसशील तेव्हा ही तक्रार सोबत घेऊन नीघ.