बंदूक कुणाची, घर कुणाचे?

शस्त्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मुक्तियोद्धा ठरविण्याची घाई आपल्यातील काही मित्रांना नेहमीच असते. त्यांनी काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियातील गाली जिल्ह्याची कहाणी एकदा डोळ्यांखालून घालावी.

ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जियाने फुटू पाहणाऱ्या अबखाझियात सैन्य घुसविले. तेरा महिन्यांनी सुखुमी पडले आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियन देशोधडीला लागले. १९९४ च्या युद्धविरामानंतर हजारो शेतकरी इंगुरी नदी ओलांडून गालीतील आपल्या घरी परतले. त्यांच्या नावाने लढणारे गनीम याच गावांच्या आडोशाने वावरत होते : ‘व्हाइट लीजन’ आणि ‘फॉरेस्ट ब्रदर्स’. तिबिलिसीचे सरकार त्यांच्याशी संबंध नाकारीत राहिले. त्यांना पोसल्याचा आरोप मात्र त्याला झटकता आला नाही.

मे १९९८ मध्ये गनिमांनी अबखाझ मिलिशियावर हल्ला चढविला. सहा दिवसांत सारे आटोपले. गनीम नदीपार निसटले. मागे राहिलेल्या गावांवर अबखाझ फौजांनी सूड उगविला. तीस ते चाळीस हजार माणसे दुसऱ्यांदा निर्वासित झाली. आंतरराष्ट्रीय मदतीतून नुकतीच उभी राहिलेली घरेही जळाली. जाळणारे गुन्हेगारच होते, आणि शांतिसेना म्हणविणाऱ्या रशियन सैन्याने ती होळी रोखली नाही, हेही खरे. पण ठिणगी टाकणाऱ्यांनी त्या गावकऱ्यांना विचारले होते काय?

‘राष्ट्रसंघाचे ठराव निर्वासितांना घरी नेऊ शकले नाहीत, मग त्यांनी करावे तरी काय?’ असे आमचे मित्र विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु बंदुकीनेही त्यांना घरी नेले नाही. परतलेल्यांना मात्र तिने पुन्हा हाकलले. पुढे सिगारेट आणि पेट्रोल यांच्या चोरट्या व्यापारात दोन्ही काठांचे बंदूकधारी भागीदार झाले. शत्रुत्व होते ते गरिबांच्या वाट्याला.

२००४ मध्ये जॉर्जियाच्या नव्या सरकारने या टोळ्या मोडीत काढल्या. २००८ च्या युद्धानंतर रशियाने अबखाझियाला मान्यता दिली. आज इंगुरीवर रशियाचे सीमारक्षक उभे आहेत आणि त्या काळचे बहुसंख्य निर्वासित अजून परत गेलेले नाहीत.

लढ्याचा निर्णय जनतेने घेतलेला नसेल, त्याचे नियंत्रण जनतेकडे नसेल आणि किंमत तेवढी जनतेने मोजायची असेल, तर त्याला जनतेचा लढा म्हणता येत नाही. बंदूकधाऱ्याच्या झेंड्याचा रंग पाहण्याआधी कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे : घर कुणाचे जळणार आहे?