भीतीवर उतारा

गोंदियांतील माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें परवां मोठ्या उत्साहानें एक बेत माझ्यापुढें मांडला. दिवाळीच्या सुटींत परगांवीं शिकणारीं मुलें घरीं आलीं म्हणजे त्यांच्यासाठीं भयपटांचा एक छोटेखानी महोत्सव भरवावयाचा. आणि शेवटचा चित्रपट संपतांच सर्वांनीं एका हॉटेलच्या सभागृहांत जाऊन, रंगीत दिव्यांच्या लखलखाटांत, डीजेच्या तालावर पहाटेपर्यंत नाचावयाचें. "मोठ्या शहरांत नाईटक्लबमध्यें असेंच चालतें, सर. याला आफ्टर-पार्टी म्हणतात. तिच्यावांचून महोत्सवाला शोभा नाहीं." चित्रपटांना मी येईन, पण त्या नाचाला माझा विरोध आहे, असें मीं त्याला सांगितलें. "सर, आपण जुन्या काळचे," म्हणून तो हंसला. त्या हंसण्याला हें उत्तर.

तरुणांनीं नाचूं नये असें माझें म्हणणें नाहीं. लग्नांत नाचावें, गणपतीपुढें नाचावें, परीक्षा संपली म्हणून नाचावें. भयपट पाहूं नयेत असेंही मी म्हणत नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगार-वीरांच्या पंक्तीला भयानकाचाही पाट मांडलेला आहे. माझा आक्षेप आहे तो त्या पंक्तींतून उठतां उठतां चूळ भरण्याच्या घाईला. पैसे मोजून भय विकत घ्यावयाचें आणि घटकाभरांत पुन्हां पैसे मोजून तें धुऊन टाकावयाचें, हा कोणता व्यवहार? झपाटलेल्या माणसावरून लिंबू-भात ओंवाळून तिठ्यावर उतारा टाकणाऱ्या आजीला आपण अडाणी म्हटलें. आफ्टर-पार्टी हाही उताराच आहे; आजीचा निदान स्वस्त होता.

खरी गोष्ट अशी कीं, भीति मुरावी लागते. याचा दाखला दूर शोधावयास नको. तो आपल्या नागझिऱ्याच्या अरण्यांत आहे. १९९३ सालीं, म्हणजे गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होण्यापूर्वीं सहा वर्षें, या अरण्यांत राही अनिल बर्वे यांना एका मित्रानें नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. त्या कथेनें त्यांची पाठ सोडली नाहीं. १९९७ सालीं त्यांनीं पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. २०१२ सालीं चित्रण सुरू झालें. तें मनासारखें न उतरल्यानें पुढें बराच भाग पुन्हां चित्रित झाला. आणि २०१८ सालीं 'तुंबाड' हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवांत समीक्षक-सप्ताहाच्या आरंभीं झळकला. एका भीतीनें पंचवीस वर्षें घेतलीं! कथा संपतांक्षणींच कोणी कर्णा लावून नाच सुरू केला असता, तर ही भीति सकाळपर्यंत तरी टिकली असती काय?

त्या चित्रपटाचें मर्मही हेंच आहे. नायक लहानपणीं ज्या शापित म्हातारीला भिऊन पळतो, तिच्याच वाड्यांत मोठेपणीं मोहोरांच्या लोभानें परततो. तो बुडतो तो भ्याल्यामुळें नव्हे, भय विसरल्यामुळें. हें पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या मनांत आपल्या घरचा, आपल्या गांवचा लोभ क्षणभर उभा राहावयास हवा. वैनगंगेच्या पात्रांतून चोरून वाळू उपसणाऱ्यांना कशाचेंच भय उरलेलें नाहीं, हें आपण उघड्या डोळ्यांनीं पाहतों. भिण्याची शक्ति गमावणें म्हणजे शौर्य नव्हे; तें एक प्रकारचें बहिरेपण आहे.

माझा विद्यार्थी म्हणतो, "घाबरलेल्या माणसाला सोबत नको का?" हवी, अवश्य हवी. पण सोबत म्हणजे काय? ज्या दणदणाटांत शेजाऱ्याचा शब्द ऐकूं येत नाहीं, तेथें शंभर माणसें शंभर प्रकारें एकटीं असतात. आमच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत नाटकें रात्रभर चालतात. पहाटे धानाच्या बांध्यांवरून घराकडे वळलेलीं माणसें वाटभर नाटकाचीच चर्चा करितात; कोणी खलपुरुषाच्या नांवानें बोटें मोडतो, कोणी नुसताच गप्प चालतो, आणि त्या गप्प माणसाबरोबरही कोणीतरी चालत असतें. खेळानंतरची सोबत आमच्या खेड्यांना ठाऊक होती. ती शहरांतून उसनी आणण्याचें कारण नव्हतें.

म्हणून मीं त्याला एक प्रतिबेत सुचविला आहे. चित्रपट संपल्यावर दिवे मंदच ठेवावेत, सर्वांना चहा द्यावा, आणि ज्याला वाटेल त्यानें आपण कोणत्या क्षणीं भ्यालों व कां, तें सांगावें. मग ज्यानें त्यानें पायीं घरीं जावें. अंधारांत थोडें दचकावें. त्यानें कोणी मरत नाहीं.

हॉटेलची आगाऊ रक्कम भरून झाली आहे, असें त्याचें उत्तर आलें. ती बुडेल, याचेंच काय तें त्याला भय वाटतें आहे.