धर्मांतराचा कायदा: घरसंसाराच्या बाबतीत सरकारच्या जवळचे ख्रिस्ती इथे विरोधात का?

जबरदस्तीचं धर्मांतर आणि ‘लव्ह जिहाद’ रोखायला कायदा कसा असावा, हे ठरवण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात हा विषय पुन्हा गाजला. हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून इतर धर्मातल्या कुणी अनुसूचित जातीचा दाखला घेतला असेल तर तो रद्द होईल, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं. तेव्हापासून गावागावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय: ‘ख्रिश्चन लोक सरकारच्या विरोधात आहेत.’

पण प्रकरण एवढं सरळ नाही.

कुठे जमतं, कुठे बिनसतं

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक साधारण 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. त्यातला मोठा भाग जुन्या वळणाचा आहे. लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्रीचंच, ही त्यांची भूमिका. समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात चालला तेव्हा केंद्र सरकारनेही हेच म्हणणं मांडलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये कोर्टाने अशा लग्नाला मान्यता देण्यास नकार दिला. 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने जुन्या कायद्यातल्या काही तरतुदींवर बोट ठेवून खासदारांना बदलाच्या बाजूने विचार करायला सांगितलं.

गर्भपाताच्या बाबतीत मात्र बिनसतं. 2021 च्या दुरुस्तीने ठराविक कारणांसाठी गर्भपाताची मुदत 20 वरून 24 आठवड्यांवर नेली. ती केंद्रातल्या याच सरकारने आणली आणि कॅथलिक चर्चने तिला विरोध केला. म्हणजे ही मंडळी कुठल्याही एका पक्षाच्या खिशात नाहीत. प्रत्येक मुद्द्यावर त्यांचं माप वेगळं असतं.

मग धर्मांतराच्या कायद्यावर अडतं कुठे?

‘जबरदस्ती चालेल’ असं कुठलंही चर्च म्हणत नाही. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय की, धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नाही. भांडण आहे ते तीन कलमांवरून. उत्तर प्रदेशचा 2021 चा कायदा बघा.

एक, धर्म बदलायच्या 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दोन, जबरदस्ती झाली नाही हे ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच सिद्ध करायचं. तीन, 2024 च्या दुरुस्तीनंतर तक्रार कुणीही करू शकतो. तो नात्यातला असायलाच हवा असं नाही.

हे आपल्या वाडीत आणून बघा. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने घरी चार माणसं बोलावून प्रार्थना ठेवली. शेजाऱ्याशी बांधावरून आधीचंच भांडण. त्याने पोलीस ठाण्यात अर्ज टाकला, तर ‘आम्ही कुणाला आमिष दिलं नाही’ हे कागदोपत्री दाखवायचं कसं? घडलेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो, न घडलेल्या गोष्टीचा कुठून आणायचा?

25 जुलै 2025 ला छत्तीसगडमध्ये दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. तक्रार बजरंग दलाच्या स्थानिक कार्यकर्त्याची होती. 2 ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला, पण नऊ दिवस गेलेच. विशेष म्हणजे केरळ भाजपचे नेते त्यांच्या बाजूने उभे राहिले.

कायदा फक्त भाजपनेच आणला असंही नाही. हिमाचलमध्ये 2006 चा कायदा काँग्रेस सरकारचा होता. त्यात 30 दिवस आधी नोटीस द्यायची होती, मात्र मूळ धर्मात परतणाऱ्याला ती माफ होती. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही परंपरावादी ख्रिस्ती संघटना कोर्टात गेली. 2012 मध्ये हिमाचल हायकोर्टाने नोटिशीचं ते कलम रद्द केलं.

दुसरी बाजूही खरी आहे

घरातलं एक माणूस वेगळ्या वाटेने गेलं की बाकीच्यांची काय अवस्था होते, हे कोकणाला नवीन नाही. आपल्याच मुलखातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे परत आल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीचं दुःख खोटं नव्हतं, आणि टिळकांची श्रद्धाही खोटी नव्हती.

आजची तक्रार असते ती ‘प्रार्थनेने आजार बरा करतो’ म्हणणाऱ्यांची. ती रास्त आहे. पण त्यासाठी महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, किंवा साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हा त्यात गुन्हा आहे, मग करणारा भगत असो, बाबा असो की पास्टर. धमकी आणि फसवणुकीची कलमं तर सगळ्यांना लागू आहेतच.

दाखल्याचा मुद्दा वेगळा

अनुसूचित जातीचा नियम 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून येतो. त्यात शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये म्हटलं. आदिवासींना मात्र 1950 च्या आदेशातली धर्माची अट नाही. कातकरी वाडीत कुणी ‘चर्चमध्ये गेलास तर दाखला गेला’ असं सांगत असेल, तर आधी हा फरक लक्षात घ्या.

मंडळी, कायद्याच्या बाजूने असा किंवा विरोधात, त्यात तीन गोष्टी नक्की बघा: तक्रार कोण करू शकतो, पुरावा कुणी द्यायचा, आणि मूळ धर्मात परतणाऱ्याला वेगळी सूट आहे का. आज हे कलम अल्पसंख्याकांवर चालेल. उद्या गावकीच्या भांडणात ते कुणावरही चालू शकतं.