खेळणे हाही उपचारच

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी मूल वेळेवर बसत नाही, चालत नाही, बोलत नाही असे दिसले, की आईवडील प्रथम ओळखीच्या वैद्यांकडे किंवा औषधालयात येतात. तेथे बहुधा मेध्य औषधाची बाटली मिळते आणि 'मोठे झाल्यावर सुधारेल' असा धीर दिला जातो. मेध्य द्रव्यांविषयी आमचा वाद नाही. परंतु केवळ बाटलीवर विसंबल्याने मेंदूच्या वाढीची मोलाची पहिली वर्षे निसटतात, हे आम्हास स्पष्टपणे मांडावेसे वाटते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळण्यांचेही निकष दिले आहेत. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी व मनोहर असावीत; जड, टोकदार, तोंडात जाणारी वा भीतिदायक नसावीत. खेळाकडे इतक्या गांभीर्याने पाहणाऱ्या परंपरेला व्यवसायोपचार परका वाटू नये. भारतात त्याचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. जेवणे, कपडे घालणे, खेळणे हाच बालकाचा व्यवसाय. पोळ्याचा मातीचा बैल घडविताना बोटांना जी चिमूट साधते, तीच पुढे घास उचलण्यास व गुंडी लावण्यास उपयोगी पडते. कोणत्या बालकास कोणता खेळ, किती वेळ, हे मात्र तज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते.

कापूस वेचणाऱ्या मातेस दर आठवड्यास जळगाव वा धुळे गाठणे म्हणजे मजुरी बुडविणे. म्हणूनच तज्ज्ञांनी शिकविलेला खेळ घरी रोज करवून घेण्यास तिला साहाय्य करणारा वैद्य गावातच हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला. अंगणवाडीतील बालके तपासणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकांचीच योजना आहे. ही पथके बालकांना पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात.

वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे. नवव्या महिन्यापर्यंत न बसणारे, दीड वर्षापर्यंत न चालणारे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणारे किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरणारे मूल दिसल्यास त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तपासणीस पाठवावे. औषधालयाच्या चालकांनीही अशा बालकासाठी बाटली मागितली गेल्यास आधी वय विचारावे व वैद्यांकडे धाडावे. एका बाटलीची विक्री कमी होईल. पण कौमारभृत्याचे नाव राखले जाईल.