चेंडू उचलायचा नसतो

रविवारी सकाळी गोल्फच्या कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर जा आणि चेंडूंऐवजी खेळणाऱ्यांचे पाय बघा. फटका मारून झाला तरी बऱ्याच जणांचं वजन उजव्या पायावरच रेललेलं असतं. डावा चवडा उचललेला, छाती मागे कललेली, नजर आकाशात. चेंडू मात्र गवतातून सरपटत गेलेला असतो.

अशा खेळाडूला जो तो सांगतो, ‘वजन डावीकडे घ्या.’ उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सल्ला बरोबरच आहे, पण तो दुखण्याच्या मुळाशी जात नाही. माझं ठाम मत आहे की वजन मागे अडकतं ते चेंडू उचलण्याच्या हट्टापायी. चेंडू उंच जावा म्हणून आपण क्लब त्याच्या खाली घालायला बघतो आणि त्या नादात मागे झुकतो. चेंडू चढवण्याचं काम क्लबच्या तिरक्या पात्याचं आहे. हल्लीच्या सात नंबरच्या आयर्नचं पातं साधारण 30 अंशांच्या आसपास तिरकं असतं. खाली उतरता उतरता ते चेंडूला भिडलं, की चेंडू आपसूक वर जातो.

त्यासाठी स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडावा लागतो. वजन मागे राहिलं की हा बिंदूही मागे येतो. मग कधी आधी माती उकरली जाते, कधी वर येणारी कड चेंडूच्या डोक्यावर बसते. गवतावर आयर्नने सराव करत असाल, तर डिव्हट, म्हणजे क्लबने गवतात उकरलेला खळगा, बघा. चेंडू होता त्या जागेच्या पुढे तो पडत असेल, तर पाय आपलं काम करताहेत. ड्रायव्हरचा चेंडू टीवर असतो, तिथे क्लब किंचित वर येताना लागला तरी हरकत नाही. पण शेवटी तोल डाव्या पायावरच यायला हवा.

दुसरी गल्लत वेळेची. बॅकस्विंगमध्ये भार उजव्या पायाच्या आतल्या बाजूला पेलावा. तो बाहेरच्या कडेवर गेला, की कंबर वळायची सोडून सरकते आणि परतायला उशीर होतो. पायाखालचा दाब मोजणाऱ्या यंत्रांवर दिसतं, की चांगल्या खेळाडूचा दाब क्लब अजून मागे जात असतानाच डावीकडे निघालेला असतो. नामवंत गोल्फपटू बेन होगन यांनी यंत्रांच्या आधाराशिवायच 1957च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात बजावलं होतं, की डाऊनस्विंगची सुरुवात कंबरेपासून करा. 2007च्या सुमारास गाजलेल्या ‘स्टॅक अँड टिल्ट’ या स्विंगच्या पद्धतीने तर वजन पहिल्यापासून पुढच्या पायावरच ठेवायला सांगितलं. वाद आहे तो बॅकस्विंगपुरता. आयर्नचा फटका बसताना भार पुढे हवा, याबाबत दोन्ही पंथांचं एकमत आहे.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, नवख्याच्या हातात आल्या आल्या ड्रायव्हर देऊ नका. आधी अर्ध्या स्विंगचे छोटे फटके घोटवून घ्या, पात्यावर भरवसा बसू द्या. नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर फटका मारून उजवा पाय पुढे टाकत चालू लागायचे. तीच कवायत करून घ्या. पाऊल सहज पडलं तर वजन पोहोचलं, अडखळलं तर अजून मागेच आहे. याला पैसे पडत नाहीत. नव्या ड्रायव्हरची किंमत विचारण्याआधी महिनाभर एवढं तरी कराच.

— फेअरवेकर